जीपीएस गेल्यावरचं पहिलं मिनिट

दारव्हा तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने प्रश्न पाठवलाय. घरी फवारणीचं ड्रोन आहे, कॉलेजचा प्रोजेक्टही त्याच्यावरच करायचाय. त्याच्याच शब्दांत: “काका, मोबाइलातलं जीपीएस चार-पाच मीटरवर जागा दाखवते. मंग लढाऊ विमानात अन् मिसाइलमध्ये लाखो रुपयांचं आयएनएस कशाले लागते? दोन्ही जोडते म्हंजे नेमकं काय करते? अन् आमच्या ड्रोनमधल्या दीड-दोनशे रुपयांच्या चिपमध्ये तेच असते म्हणतात, तर फरक कायचा?” (आयएनएस म्हणजे इनर्शियल नेव्हिगेशन सिस्टिम: बाहेरचा सिग्नल न घेता, आपल्याच हालचालीवरून जागा काढणारं यंत्र.)

मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंटच्या कामात नोकरी काढली. निवृत्तीनंतर गावी आलो, आता आसपासच्या पट्ट्यातली फवारणीची ड्रोनं दुरुस्त करतो. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या ओळखीची आहेत. खाली जे आहे ते पाठ्यपुस्तकांत आणि उघड कागदांत सापडेल एवढंच आहे. त्यापलीकडचं मी लिहीत नाही.

आधी एक गैरसमज. बहुतेकांना वाटतं की जीपीएस एक जागा सांगतं, आयएनएस दुसरी सांगतं, आणि कॉम्प्युटर दोघांची सरासरी काढतो. तसं काहीही होत नाही. जीपीएस चालू आहे तोवर त्याच्याकडून आयएनएसच्या चुका मोजून घ्यायच्या आणि जीपीएस गेलं की त्या चुका वजा करत पुढे चालायचं, हा खरा उद्योग. सैन्याच्या दृष्टीने सगळी किंमत जीपीएस गेल्यानंतरच्या काळाची आहे.

आयएनएस म्हणजे तीन दिशांना तीन अ‍ॅक्सिलरोमीटर आणि तीन जायरो. जायरो सांगतो किती वळलो, अ‍ॅक्सिलरोमीटर सांगतो वेग किती बदलला. त्वरणाची एकदा बेरीज केली की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केली की अंतर. बाहेरून काहीच लागत नाही: अँटेना नाही, सिग्नल नाही, आकाश दिसण्याची गरज नाही. आपल्याकडे शेतीची लाइन रात्री येते. ओलित करायला गेलेल्या माणसाचा टॉर्च वाटेत बंद पडला तरी तो पावलांच्या अंदाजाने विहिरीपर्यंत पोचतो, कारण धुरा कुठे वळतो हे त्याच्या पायांना माहीत असतं. आयएनएसचं तसंच आहे. फक्त सुरुवातीच्या पावलांत झालेली चूक पुढे प्रत्येक पावलासोबत चालत राहते, आणि वाढत जाते.

किती वाढते, ते आकड्यांत बघ. अ‍ॅक्सिलरोमीटरमध्ये १ मिली-जीची कायमची चूक, म्हणजे बायस, राहिली असं धर. गुरुत्वाकर्षणाचा हजारावा भाग, अगदी क्षुल्लक. दहा सेकंदांत जागा अर्धा मीटर चुकते. एका मिनिटात साडेसतरा मीटर. दहा मिनिटांत दीड किलोमीटरच्या वर. वेळेच्या वर्गाने वाढणारी चूक आहे ही. जायरोची चूक त्याहून खोडसाळ. जायरो थोडा चुकला की यंत्राला ‘खाली’ कुठे ते तिरपं दिसायला लागतं, आणि गुरुत्वाकर्षणाचा एक तुकडा आडव्या त्वरणात मिसळतो. विमान स्थिर उडत असतं आणि आयएनएस समजतं की आपण बाजूला घसरतोय. ही चूक वेळेच्या घनाने वाढते. ताशी १० अंश बायस असलेला जायरो एकटाच एका मिनिटात सतरा मीटर खातो. मिनिटाच्या जागी दोन मिनिटं झाली की आठपट.

लांबच्या प्रवासात मात्र निसर्ग थोडी मदत करतो. पृथ्वी गोल असल्याने ही चूक अशी सुसाट न वाढता ८४.४ मिनिटांच्या झोक्याने पुढे-मागे होते; जायरोमुळे उरणारी चूक तेवढी सावकाश वाढत राहते. माक्स शुलर या जर्मन माणसाने १९२३मध्ये हे मांडलं. म्हणून तर ‘नॉटिलस’ पाणबुडी १९५८मध्ये बर्फाखालून उत्तर ध्रुव ओलांडू शकली. तेव्हा जीपीएसचा जन्मही व्हायचा होता. आपल्या हवाई दलाच्या जॅग्वार विमानांवर ऐंशीच्या दशकात ‘डॅरिन’ प्रणाली बसली, तिच्या नावातला शेवटचा भाग ‘इनर्शियल नेव्हिगेशन’च आहे. जीपीएस पूर्ण क्षमतेने सुरू झाल्याचं जाहीर झालं १९९५मध्ये. आणि नागरी सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम घालत असलेली गडबड मे २०००मध्ये काढली गेली. चार-पाच मीटरचं जे जीपीएस तुला जन्मापासून मिळालंय, ते त्यानंतरचं.

आता जीपीएसची दुखरी बाजू. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, आणि त्याचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची ताकद एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले तर त्यातल्या जेमतेम एखाद्या भागाएवढी उरते. शेजारी कोणी त्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडलं की तो ऐकूच येत नाही. हिशोब सोपा आहे: १ वॅटचा जॅमर दहा किलोमीटरवर, मध्ये टेकडी-इमारत नाही, तर रिसीव्हरच्या अँटेनापाशी त्याची ताकद उपग्रहापेक्षा साधारण सोळा हजार पट भरते. एक वॅट म्हणजे मोबाइलच्या टॉर्चएवढी वीज. युद्धात जॅमर एक वॅटचे नसतात. आणि हे युद्धापुरतंही राहिलेलं नाही: नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास विमानांच्या जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ नोंदी असल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलंय.

आपल्या भागात तर जॅमरशिवायही त्रास होतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि त्याच्या उत्तरेला, मध्य भारताच्या डोक्यावर, आयनोस्फियरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, दाट पट्टा तयार होतो. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुडे उठतात, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्यावर डागांची गर्दी असलेल्या वर्षांत जास्त. तेव्हा एकेका उपग्रहाचा सिग्नल लुकलुकतो आणि तुटतो. दिवसा धड चालणारं यंत्र रात्री आठ-नऊला उपग्रह गमावतंय अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की रिसीव्हर उघडायच्या आधी मी तारीख विचारतो.

मग सैन्य नेमकं काय विकत घेतं, ते एका उघड उदाहरणावरून दिसतं. अमेरिकेचा जेडॅम हा साध्या बॉम्बला लावायचा मार्गदर्शनाचा जोड आहे, १९९९मध्ये कोसोव्होच्या युद्धात पहिल्यांदा वापरलेला. त्यांच्याच हवाई दलाच्या माहितीपत्रकात दोन आकडे आहेत. जीपीएस मिळत असेल तर चूक ५ मीटर किंवा कमी. जीपीएस नसेल, पण विमानाने सोडताना चांगली सुरुवात करून दिली असेल, तर १०० सेकंदांपर्यंतच्या उड्डाणात ३० मीटर किंवा कमी. मला विचारशील तर दुसरा आकडा जास्त बोलका आहे. ५ मीटरसाठी फक्त रिसीव्हर पुरला असता. जॅमिंगमध्ये शंभर सेकंद तग धरायला आयएनएस लागतं, आणि त्या आयएनएसला आधी कोणीतरी शिकवून ठेवावं लागतं.

ते शिकवणं कालमन फिल्टर करतो, म्हणजे नव्या मोजणीवरून आपला अंदाज सुधारत राहणारी गणिती रीत. रुडॉल्फ कालमन यांचा लेख १९६०चा. नासाच्या एम्स केंद्रात स्टॅन्ली श्मिट यांनी तो अपोलोच्या दिशादर्शनासाठी वळवून घेतला, आणि आज तुझ्या ड्रोनच्या कंट्रोलरमध्ये जो ‘ईकेएफ’ (एक्स्टेंडेड कालमन फिल्टर) दिसतो तो त्याच घराण्यातला. जागेचे तीन, वेगाचे तीन, तिरपेपणा-दिशेचे तीन, अ‍ॅक्सिलरोमीटरच्या बायसचे तीन आणि जायरोच्या बायसचे तीन, असे निदान पंधरा आकडे तो सांभाळतो. प्रत्येकाजवळ आणखी एक नोंद असते: हा अंदाज किती चुकलेला असू शकतो. ही दुसरी नोंद फिल्टरचा जीव आहे. जीपीएसचा नवा आकडा आला की फिल्टर बघतो, मी म्हणत होतो त्यापेक्षा हा किती वेगळा आहे, आणि माझ्या शंकेच्या मानाने त्या फरकाला किती महत्त्व द्यायचं. मग जागा दुरुस्त करतो, आणि त्याच वेळी म्हणतो की सलग अर्धा मिनिट जागा पूर्वेलाच सरकतेय, म्हणजे पूर्वेकडच्या अ‍ॅक्सिलरोमीटरमध्ये एवढा बायस असणार. बायस कधी कोणी थेट मोजत नाही. तो असा मागल्या दाराने कळतो.

इथे एक गोष्ट कॉलेजात नीट सांगत नाहीत. सगळेच बायस सगळ्या वेळी कळत नाहीत. यंत्र सरळ, एकाच वेगाने चाललंय तर फिल्टरला दिशेतली चूक दिसतच नाही, कारण दिशा चुकली काय न चुकली काय, मोजलेलं त्वरण शून्यच. वळण घेतलं की मात्र आयएनएस म्हणतं ढकल उत्तरेला बसली, जीपीएस म्हणतं वेग थोडा पूर्वेकडे वाढला, आणि त्या फरकातून दिशेची चूक उघडी पडते. बॉम्ब किंवा मिसाइल सोडण्याआधी विमान मुद्दाम डावी-उजवी वळणं घेतं ते यासाठीच. विमानाच्या चांगल्या आयएनएसकडून पंखाखालच्या छोट्या आयएनएसला धडा दिला जात असतो; त्याला ट्रान्सफर अलाइनमेंट म्हणतात. तुझ्या ड्रोनलाही हाच नियम लागू आहे. टेक-ऑफ घेऊन लगेच सरळ ओळीत फवारायला पाठवण्यापेक्षा आधी रिकाम्या जागी दोन-चार जोरकस वळणं घेतली तर पहिली ओळ कमी भरकटते.

जोडण्याच्या पद्धतींची नावं पुस्तकात मिळतील, म्हणून उरकतो. सैल जोडणीत जीपीएस तयार जागा देतं; चार उपग्रह नसले की तेही गप्प. घट्ट जोडणीत प्रत्येक उपग्रहाचं कच्चं अंतर थेट फिल्टरमध्ये जातं, त्यामुळे दोनच उपग्रह दिसत असले तरी त्यांचा उपयोग होतो. त्याहून खोल जोडणीत आयएनएस उलट रिसीव्हरला मदत करतं: विमान आता एवढ्या वेगाने असं वळतंय, सिग्नल इथे शोध. शोधायची खिडकी अरुंद झाली की जॅमरचा गोंगाटही कमी आत येतो. सोबत अनेक तुकड्यांची अँटेना असते. सात तुकड्यांची असेल तर ती सहा दिशांच्या जॅमरकडे कान बंद करू शकते.

जॅमरपेक्षा मला धास्ती खोट्या सिग्नलची वाटते. जॅमिंग झालं की निदान कळतं. स्पूफिंगमध्ये रिसीव्हर आनंदात असतो, उपग्रह भरपूर, अचूकता दोन मीटर, आणि जागा हळूहळू कोणाच्या तरी मर्जीने सरकत असते. टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने २०१२मध्ये व्हाइट सँड्सच्या चाचणी मैदानावर एक लहान हेलिकॉप्टर-ड्रोन असं फसवून दाखवलं, पुढच्या वर्षी समुद्रात एक यॉट. इथे स्वस्त आणि महाग आयएनएसमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे, आणि तो अचूकतेच्या तक्त्यात दिसत नाही. फिल्टर खोटं पकडतो तो ‘माझ्या अंदाजापेक्षा हा आकडा फारच वेगळा आहे’ असं म्हणून. पण त्याचा स्वतःचा अंदाजच मिनिटाला वीस मीटरने डळमळत असेल, तर दहा मीटरची थाप त्याला थाप वाटणारच कशी? ती तो मुकाट गिळतो, वर तिच्याप्रमाणे आपले बायसही बिघडवून घेतो. मग खरा सिग्नल परत आला तरी काही वेळ सगळं वेडंवाकडं चालतं. ज्याचं आयएनएस पहिल्या मिनिटात एखाद मीटरच सरकतं, त्याला तीच थाप लगेच खटकते. महाग आयएनएस जीपीएसचा पहारेकरी असतो, असं मी नव्या पोरांना सांगायचो.

तुझा शेवटचा प्रश्न, चिपचा. दर्जा मुख्यतः जायरोवर ठरतो. मोठ्या विमानांत लेझर जायरो असतात. एकाच वाटेवरून दोन उलट दिशांना प्रकाश पाठवायचा आणि वळताना दोघांत पडणारा फरक मोजायचा. तत्त्व १९१३चं, जॉर्ज सान्याक यांचं. त्यांचा बायस ताशी ०.०१ अंशाच्या आसपास, आणि जीपीएसशिवाय तासाला साधारण एक सागरी मैल चूक, म्हणजे १.८५ किलोमीटर. तुझ्या ड्रोनमधला मेम्स जायरो म्हणजे सिलिकॉनचा थरथरणारा कण. त्याचा बायस ताशी काही अंश, बऱ्याचदा दहा-वीस ते शंभरेक अंश.

याचा एक परिणाम हातात धरून दाखवता येईल असा आहे. पृथ्वी ताशी १५ अंश फिरते. आपल्या विदर्भाच्या साधारण २१ अंश अक्षांशावर त्यातला आडवा, उत्तरेकडे रोखलेला भाग ताशी १४ अंश. चांगला जायरो जमिनीवर स्थिर बसून हे फिरणं मोजतो आणि त्यावरून खरी उत्तर शोधतो, होकायंत्राशिवाय. ०.०१ अंशवाल्याला उत्तर ०.०४ अंशापर्यंत सापडते. ताशी १ अंशवाल्याची चूक चार अंशांची. आणि ज्याचा बायसच १४ अंशांहून मोठा, त्याला पृथ्वी फिरते याचा पत्ताच नाही. ही उत्तर शोधायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ विमान हलता कामा नये. अलाइनमेंट चालू असताना कोणी विमानाला शिडी टेकवली तर आमच्याकडे मोठ्याने उद्धार व्हायचा.

मेम्स ड्रोनला म्हणून होकायंत्र लागतं, आणि आपल्या मुलखात होकायंत्र बेभरवशाचं. काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे, त्यात चुंबकीय खनिज असतं. जिथे खडक वर आलाय तिथे दिशा हलते. त्यात बोअरच्या मोटारीची पेटी, लोखंडी खांब, ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवून होकायंत्र कॅलिब्रेट करणारे मी पाहिलेत. मग पऱ्हाटीवर ड्रोन जागेवर थांबायच्या ऐवजी गोल-गोल, मोठी होत जाणारी चक्करं मारतं आणि फोन येतो, “भाऊ, जीपीएस खराब झालं.” जीपीएस ठणठणीत असतं. त्याने सांगितलेली दुरुस्ती ड्रोन चुकीच्या दिशेला करत असतं.

दुसरा शत्रू ऊन. मेम्सचा बायस तापमानाबरोबर सरकतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत धुऱ्यावर ठेवलेलं काळं ड्रोन आतून किती तापतं ते हात लावून बघ. सावलीत सुरू करून शिकलेला बायस पाच मिनिटांनी खरा राहत नाही. सैनिकी युनिटमध्ये प्रत्येक सेन्सर कारखान्यात थंड-गरम करून त्याचा तक्ता भरलेला असतो, आणि किमतीचा मोठा भाग त्या मेहनतीचा आहे. आपल्याकडचा देशी उपाय एवढाच: ड्रोन सावलीत ठेवा, सुरू करून काही मिनिटं तसंच बसू द्या, मग उडवा.

बाकी काम किचकट पण बिनडोक आहे. अँटेना आणि आयएमयू (जायरो वगैरे सेन्सरची पेटी) एका जागी नसतात. मधलं अंतर मोजून फिल्टरला सांगावं लागतं, नाहीतर प्रत्येक वळणाला खोटा वेग दिसतो. घड्याळं जुळावी लागतात: सेकंदाला २५० मीटर जाणाऱ्या विमानात १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अडीच मीटर. उंचीसाठी बॅरोमीटर लागतोच, कारण उभ्या दिशेत आयएनएसची चूक झोके घेत नाही, सुसाट सुटते. अशा कामांना कोणी पेपर लिहीत नाही, पण मैदानात अर्ध्याहून जास्त दुखणी इथलीच निघतात.

‘नाविक’बद्दलही, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या देशी उपग्रह यंत्रणेबद्दलही, हमखास विचारतात. २०१३पासून त्याचे उपग्रह सुटले. काहींची आयात केलेली घड्याळं बंद पडली. २०२३च्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर देशी रुबिडियम घड्याळ बसलं, आणि जानेवारी २०२५चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. स्वतःची यंत्रणा हवीच, त्याबद्दल वाद नाही. तिचा एस-बँड, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, आयनोस्फियरचा त्रासही कमी मानतो. पण तोही आकाशातून येणारा क्षीण सिग्नलच, जॅमरपुढे त्याचीही तीच गत. म्हणून हैदराबादची ‘रिसर्च सेंटर इमारत’ ही डीआरडीओची प्रयोगशाळा आणि तिरुवनंतपुरमचं इस्रोचं इनर्शियल सिस्टिम्स युनिट इथे जायरोवर वर्षानुवर्षं जे काम चाललंय, ते बातम्यांत कमी येत असलं तरी मला जास्त मोलाचं वाटतं.

आता तुझा प्रोजेक्ट. हवेत जीपीएस बंद करून बघायच्या भानगडीत पडू नको, शेजारच्या वावरात बाया निंदत असतात. ड्रोन नेहमीसारखं उडव, आयएमयू आणि जीपीएसचा कच्चा लॉग साठव, आणि घरी कॉम्प्युटरवर फिल्टर चालवताना मधले १०, ३० आणि ६० सेकंद जीपीएसचे आकडे झाकून टाक. झाकलेल्या काळात फिल्टर कुठे भरकटला ते खऱ्या जीपीएसशी ताडून बघ. मग तेच पुन्हा कर, पण झाकण्याआधीच्या भागात जोरकस वळणं असलेलं एक उड्डाण आणि सरळ ओळींचं एक, असं वेगवेगळं. फिल्टरने स्वतः सांगितलेली शंका आणि प्रत्यक्ष चूक शेजारी-शेजारी काढ. चूक शंकेच्या बाहेर वारंवार जात असेल तर फिल्टर फाजील आत्मविश्वासात आहे, त्याचे नॉइजचे आकडे (सेन्सर किती गोंगाटी आहे याचा त्याला दिलेला अंदाज) वाढव. आयएमयूचा लॉग सेकंदाला निदान २०० नोंदींचा असू दे आणि तापमानाचा रकाना गाळू नको. तो नसला तर जानेवारीतला आणि मेमधला आलेख जुळत का नाही, हे शोधण्यातच तुझं सेमिस्टर जाईल.